रिकाम्या जागेचा दिवा

कोरीटच्या लोकांनी धनुबाईच्या मुलाला एकदा जर्मनीला पाठवलं ते कायमचंच. भाग्येश आधी आखेन शहरात शिकायला गेला, ते जर्मनीतच होतं, तोवर ठीक. पण पुढे लग्न करून तो होल्टरबाख नावाच्या लहानशा गावात राहायला गेला आणि ते गाव बेल्जियममध्ये होतं, ही गोष्ट एक धनुबाई सोडली तर कोणी मनावर घेतली नाही. दूध डेअरीवर, लग्नाच्या पंगतीत, जिथे विषय निघे तिथे लोक म्हणत, "मगन पाटीलना पोऱ्या जर्मनीमा शे." धनुबाई न चुकता दुरुस्ती करी.

"जर्मनीमा नहीं. जर्मनीना बाजूले शे."

"मंग तठे बोली कोनती बोलतस?" गजराबाई विचारी. ही धनुबाईची शेजारीण. दोघींच्या घरांची भिंत एकच होती, आणि गावातल्या सगळ्या चौकशांचा मक्ता गजराबाईकडे होता.

"जर्मन."

"बोली जर्मन, मंग गाव जर्मनीनंच व्हयनं."

यावर धनुबाई हसायची. गजराबाईचं माहेर धानोऱ्याचं. तिला जन्मात कधी सीमा आडवी आली नव्हती. धनुबाईचं माहेर निझरकडचं. मुंबई राज्याचे दोन भाग झाले त्या साली ती अंगावर पीत होती. खानदेशातली ती गावं एका रात्रीत गुजरातेत गेली. घर गुजरातेत गेलं आणि विहिरीचं शेत महाराष्ट्रात राहिलं. धनुबाई शाळेत गुजराती शिकली, शेताचा सातबारा मराठीत वाचला आणि भांडली, रडली, देवाशी बोलली ती अहिराणीत. तिचे वडील म्हणायचे, "आपन जागावरच शेतस. रेघ चालनी आनि आपलावरतीन गयी."

म्हणून होल्टरबाखची कुळकथा भाग्येशने पहिल्यांदा फोनवर सांगितली तेव्हा त्याला फार समजवावं लागलं नाही. ते गाव आधी जर्मन राजाचं होतं. पहिलं महायुद्ध हरल्यावर जर्मनीच्या हातून सुटलं आणि बेल्जियमला मिळालं. दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजेने ते परत घेतलं आणि युद्ध संपल्यावर ते पुन्हा बेल्जियमचं झालं. गोठा तोच, चूल तीच, देवळाची घंटा तीच, आणि वर झेंडा मात्र फिरत राहिला. गावाला लागून एक ओढा होता. ओढ्याच्या अलीकडे एक देश आणि पलीकडे दुसरा. भाग्येशची नोकरी पलीकडे होती.

"माय, मी सकायले देश सोडस आनि सांजले परत येस," तो म्हणाला होता.

"मन्हा बाप बी विहीरवर जाये तव्हय असंच म्हने," धनुबाई म्हणाली. दोघं फोनच्या दोन टोकांना खूप हसली.

त्या गावातले लोक घरात आपली गावठी जर्मन बोलतात, शाळेत शुद्ध जर्मन शिकतात आणि मोठ्या कचेरीत गेले की फ्रेंचमध्ये अडखळतात, हे पाहून भाग्येशने एक गोष्ट ठरवली. मुलगी झाली तेव्हा तिचं नाव त्याने रुपा ठेवलं आणि तिच्याशी पहिल्या दिवसापासून अहिराणीत बोलू लागला. मराठीत नाही, इंग्रजीत नाही. त्याच्या बायकोने, हायकेने, यात खोडा घातला नाही. तिच्या गावात घरची बोली म्हणजे घराचं छप्पर मानायचे. त्यामुळे दोन देशांच्या फटीतल्या त्या गावात, निळ्या डोळ्यांची एक पोर सकाळी उठून बापाला म्हणायची, "पप्पा, माले भूक लागनी." धनुबाई ते फोनवर ऐकायची आणि साऱ्या गल्लीला ऐकवायची. गजराबाईला तर रोज ऐकवायची.

त्या गावाची आणखी एक गोष्ट भाग्येशने बोलता बोलता सांगितली होती. धनुबाई तेव्हा सुपात तूर पाखडत होती आणि फोन घडवंचीवर टेकवून ठेवला होता. हायकेच्या पणजीचे दोन मुलगे. जन्मले बेल्जियममध्ये, पण दुसऱ्या युद्धात जर्मन फौजेने गाव घेतलं आणि पोरांना पकडून रशियात लढायला नेलं. दोघंही परत आले नाहीत. मढं नाही, हाडूक नाही. गावाच्या कबरस्तानात घरच्या दगडावर त्यांची नावं कोरली, खाली काहीच नाही. तिकडे नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला सगळं गाव कबरस्तानात जमतं आणि प्रत्येक घर आपापल्या माणसाच्या जागेवर लाल काचेचा दिवा लावतं. ती म्हातारी मरेपर्यंत त्या दोघांचे दिवे लावत राहिली, आणि दरवर्षी म्हणायची की खाली कोणी नाही हे दिव्याला समजतं.

"बिचारी," धनुबाई म्हणाली होती, आणि सुपातला खडा वेचून बाहेर टाकला होता.

मग तो जानेवारी आला.

होल्टरबाखमध्ये एक रीत आहे. रात्री बर्फ पडला की सकाळी आपल्या दारापुढची वाट आपण साफ करायची. कोणी म्हातारं माणूस तुमच्या दारात घसरून पडलं तर तो घराला बट्टा. भाग्येश खानदेशातला, घाम गाळायला लाजणारा नव्हे. आपली वाट झाली की शेजारच्या म्हाताऱ्यांचीही करून टाकायचा. त्या सकाळी शेजाऱ्याच्या फाटकाशी तो फावड्यावर टेकून जरा उभा राहिला आणि तसाच खाली बसला. वय पुरतं बेचाळीसही नव्हतं. छातीत काही आहे याची कोणाला कल्पना नव्हती, त्यालाही नव्हती.

कोरीटला बातमी घेऊन योगेंद्र आला. हा धनुबाईच्या नवऱ्याच्या, मगनच्या, मोठ्या भावाचा मुलगा, नंदुरबारला कॉलेजात इंग्रजी शिकवतो. मोटारसायकल त्याने दारापर्यंत आणली नाही, गल्लीच्या तोंडालाच लावली. घरात येऊन तो पाणीही न पिता म्हणाला, "काकी, भाग्येशले जराखं जास्त शे. दवाखानामा नेयेल शे."

आपल्याकडे मेलेल्याला मेला म्हणत नाहीत, 'जास्त आहे' म्हणतात. सांगणाऱ्याला वाटतं, धक्का हळूहळू बसेल. ऐकणारा पहिल्याच शब्दाला मरून गेलेला असतो. धनुबाईने चुलीवरची भाकरी उलटली, ती पूर्ण भाजू दिली, खाली उतरवली आणि मग विचारलं, "कव्हय गया?"

 ओसरीवर मगन उभा होता, तो भिंत धरून खाली बसला.

हायके आणि रुपा आल्या त्या अक्षय तृतीयेच्या तोंडावर. आमच्याकडे त्या सणाला आखाजी म्हणतात आणि दिवाळीपेक्षा मोठी मानतात. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, दिवसभर गाणी म्हणतात. आणि त्याच दिवशी घराघरात पितरांसाठी पाण्याची घागर भरतात. वर्षात ज्या घरात माणूस गेलं असेल तिथे मातीचं नवं डेरगं भरतात, म्हणजे नव्या पितराचा पाण्याचा माठ. एकाच गल्लीत एका अंगणात झोका आणि शेजारच्या अंगणात डेरगं, अशी आमची आखाजी.

हायके गाडीतून उतरली ती पांढरा सलवार-कुडता घालून. भाग्येशने मागे कधीतरी नंदुरबारहून नेलेला. छातीशी धरलेली एक लाकडी पेटी घेऊन ती सरळ उंबऱ्याकडे चालू लागली आणि ओसरीवरच्या बाया एकदम उठून उभ्या राहिल्या. अस्थी घरात नेत नाहीत. हे तिला कोण सांगणार होतं? मगन पुढे झाला, त्याने पेटी दोन्ही हातांनी घेतली, पांढऱ्या फडक्यात बांधली आणि अंगणातल्या निंबाच्या फांदीला टांगली.

हायके बघत राहिली. मग योगेंद्रला तिने हळू आवाजात काही विचारलं.

"काय म्हनस?" धनुबाईने विचारलं.

"ती विचारस, त्याले बाहेर काब्र ठेवं," योगेंद्र म्हणाला.

 बाहेर का, हे सांगत न बसता धनुबाईने आपली खाट ओढत ओढत निंबाखाली नेली आणि ती तिथून हलवली नाही. हायकेला तेवढं उत्तर पुरलं असावं. दुसऱ्या दिवशी तिनेही एक सतरंजी आणून खाटेशेजारी टाकली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. रुपा मधे बसून इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे करायची, आणि कंटाळली की गजराबाईच्या झोक्यावर जाऊन बसायची. झोक्यावरून ती ओरडून विचारायची, "आजी, पप्पा बी आठे झोका खेये का?" आणि गजराबाई, जिने आयुष्यात कोणाला न टोचता सोडलं नाही, ती पदर तोंडाला लावून घरात पळायची.

आखाजीच्या आदल्या दिवशी सगळे अस्थी घेऊन प्रकाशा या गावी गेले. आम्हा खानदेशच्या लोकांची ती काशी. गोमाई येऊन तापीला मिळते तो संगम. बांधामुळे पाणी तिथे आता तुंबून असतं, पसरट आणि गढूळ, पण माणसाला पाण्यापेक्षा जागेचं पडलेलं असतं. गुरुजींनी विधी केला. मगनने डोक्यावरून पाणी घेतलं. पेटीचं झाकण उघडलं तेव्हा हायके घाटाची पायरी उतरून खाली आली. तिच्या हातात एक लहान डबी होती, झाकणाची, स्वच्छ घासलेली. ती योगेंद्रशी बोलली. बोलताना तिने एकदाही आवाज चढवला नाही.

योगेंद्रने घसा खाकरला. "काकी, ती म्हनस, जराखी राख तिले देवा. मूठभर. तिना गावना कबरस्तानमा ठेवाले. तठे दगड कयेल शे, भाग्येशनं नाव टाकेल शे. रुपाले दिवा लावाले जागा पाहिजे, असं म्हनस."

 मगन गुरुजींकडे बघू लागला.

"शास्त्रात याला बंधन नाही," गुरुजी म्हणाले. "घरच्यांची जशी इच्छा. काही लोक थोडी गंगेलाही नेतात."

आता सगळे धनुबाईकडे बघत होते. तिच्या मनात काय चाललं होतं ते घाटावर कोणाला ठाऊक नव्हतं. तिला विहीर दिसत होती. बापाचं घर त्या बाजूला आणि विहिरीचं शेत या बाजूला, म्हणून पुढे वाटणीच्या वेळी तिच्या दोघा भावांनी ठरवलं की एकाने घर घ्यावं, एकाने शेत. सोयीचं म्हणून. दोन वर्षांत भावाभावांचं बोलणं बंद पडलं. विहिरीकडे त्या बाजूने कोणी जाईना, या बाजूच्याने ती उपसली नाही. धनुबाई लग्न होऊन कोरीटला आली तेव्हा विहिरीत बाभळी उगवल्या होत्या. बाप मरताना त्या विहिरीच्या पाण्याच्या एका घोटासाठी तळमळला होता, आणि म्हणाला होता, "तुकडा पडना का ते कोनंच ऱ्हास नहीं."

तिचा एकुलता एक मुलगा उभं आयुष्य दोन ठिकाणी वाटला गेला होता. सकाळी एका देशात, संध्याकाळी दुसऱ्या. फोनमध्ये अर्धा, घरात अर्धा. आता तरी तो पुरा मिळावा, एका ठिकाणी निजावा, एवढंच तिला हवं होतं. त्यात लबाडी नव्हती, हट्ट होता. पण आईचा हट्ट म्हणून तो कमी जड होतो असं नाही.

"नहीं," धनुबाई म्हणाली. "मन्हा आंडोरना तुकडा पाडाना नहीं."

योगेंद्र काही बोलायला गेला. मगनने त्याच्या दंडाला हात लावून त्याला थांबवलं. मगन बायकोचं दुःख ओळखून होता आणि त्या घडीला त्याला तेच बरोबर वाटलं.

हायकेला उत्तर समजायला भाषा लागली नाही. तिने वाद घातला नाही, रडली नाही. हातातली डबी तिने बंद केली. मग पेटी स्वतः उचलली आणि धनुबाईच्या हातात दिली. राख पाण्यात गेली तेव्हा पेटीच्या तळाला थोडी चिकटून राहिली होती. हायकेने पेटी पाण्यात बुडवली, बोटांनी तळ पुसला, कोपरे पुसले आणि ती बोटंसुद्धा पाण्यात धुऊन घेतली. द्यायचंच तर पुरं द्यायचं, असं ते वागणं होतं. घाटावरच्या बायांनी नंतर तिचं फार कौतुक केलं.

धनुबाईने तिला जवळ घेतलं. त्या वेळी तिला खरोखर वाटलं की आता सगळं नीट झालं.

दुसऱ्या दिवशी घरात डेरगं भरलं. नव्या माठात पाणी, वर खरबूज, पुढे सांजोरीचा नैवेद्य. मगनने विस्तवावर घास टाकला. रुपाने विचारलं, "पप्पा आठे पानी पेवाले येई?"

"येई," धनुबाई म्हणाली.

"इतला लांबथीन?"

"लांब कोठे? तो आते आठेच शे."

पोरगी विचारात पडली. चार दिवसांनी मायलेकी परत गेल्या.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. फोन येत राहिले, पण दरवेळी काहीतरी कमी होत चाललं. आधी रुपाच्या बोलण्यातून 'आंडेर', म्हणजे लेक, हा शब्द गेला, मग 'बठ्ठं', म्हणजे सगळं, हा आठवायला ती थांबू लागली. मधेच जर्मन शब्द घालायची आणि स्वतःच गोंधळून म्हणायची, "आजी, याले आपली बोलीमा काय म्हनतस?" तिच्याशी ती बोली बोलणारा माणूसच घरात उरला नव्हता. हायके शेजारी बसून कागदावर शब्द उतरून घ्यायचा प्रयत्न करायची, पण कागदावरची अहिराणी कोणाच्या तोंडात बसते? धनुबाई रोज नवी गोष्ट सांगायची. चिमणीची, कावळ्याची, खळ्यातल्या उंदराची. पोर ऐकायची, पण पूर्वीसारखी मधे बोलायची नाही.

दिवाळी आली. वर्ष पुरं झालं नव्हतं, त्यामुळे धनुबाईच्या घरी सण नव्हता. देवापुढचं निरांजन तेवढं, उंबऱ्याबाहेर एकही पणती लावायची नाही, ही आमच्याकडची रीत. त्या साली लक्ष्मीपूजन नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला आलं. सांज झाली तशी गल्ली उजळली. गजराबाईच्या ओट्यावर पणत्यांची ओळ लागली, आणि भिंत एकच असल्यामुळे ती ओळ जिथे तुटत होती तिथून धनुबाईचा अंधार सुरू होत होता. मगन ओट्यावर खाट टाकून पडला होता. धनुबाई पायरीवर बसली होती.

फोन वाजला. रुपाचा चेहरा दिसला, लोकरी टोपीत गच्च बांधलेला, नाक लाल. तिकडे अजून दुपार होती, पण उजेड मळकट होता.

"आजी, देख, आम्हना गावनी बी दिवाई शे," ती म्हणाली आणि फोन फिरवला.

कबरस्तान होतं. रांगा, आणि रांगांमध्ये लाल दिवेच दिवे. माणसं काळे कोट घालून हळू हळू हिंडत होती. एक म्हातारा वाकून फुलं ठेवत होता. धनुबाईला पटकन उमगलं, आज तो दिवस. तूर पाखडताना ऐकलेला.

रुपाने फोन खाली धरला. काळा दगड होता. वर बरीच जुनी नावं, आणि खाली एक नवं, स्वच्छ कोरलेलं. धनुबाईला ती अक्षरं वाचता येत नव्हती, पण तिला कळलं. नावापुढे एक लाल काच होती आणि आत ज्योत.

"हाऊ पप्पाना," रुपा म्हणाली. मग आवाज बारीक करून तिने विचारलं, "आजी, पप्पा आठे नहीं शे ना?"

धनुबाईला खोटं बोलता आलं असतं. गावात तिच्याइतकं गोड खोटं लेकरांना कोणी सांगत नव्हतं. पण पोरीने आखाजीला सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं, आईला बोटं धुताना पाहिलं होतं.

"नहीं, बेटा."

"मंग कोठे शे?"

"आठे शे. तापीमा. मीच लई लिधा त्याले."

"ब... बठ्ठा?" शब्द तिला सापडला.

"बठ्ठा."

रुपा रागावली नाही. तिचा बाप असाच होता, त्यालाही पटकन राग यायचा नाही. ती फोनमध्ये धनुबाईच्या पाठीमागे पाहू लागली. "मंग तुन्हा घर दिवा काब्र नहीं? पप्पा अंधारमा शे?"

 वर्षभराची रीत, सुतक, लोक काय म्हणतील, हे सगळं त्या पोरीला कोणत्या बोलीत सांगणार होती धनुबाई?

खाट करकरली. मगन उठला. बापाच्या वेळी, आईच्या वेळी, भावाच्या वेळी या माणसाने उंबऱ्याबाहेर पणती लागू दिली नव्हती. तो घरात गेला, तेल घातलेली एक पणती घेऊन आला, ओट्याच्या कडेला ठेवली आणि काडी ओढली. दोन काड्या वाया गेल्या, तिसरीला पणती पेटली. पलीकडे गजराबाई दारात उभी होती. तिने पाहिलं आणि काही न बोलता ती आत निघून गेली. गजराबाई काही न बोलता आत गेली, यावरून काय ते समजा.

धनुबाईने फोन पणतीकडे धरला. "हाऊ देख. तुन्हा आजोबानी लाया."

रुपाने पाहिलं. "आते पप्पाले उजेड शे," ती म्हणाली.

"शे, बेटा."

"मंग मी आठला इझाडी टाकू का? आठे ते कोनीच नहीं शे."

पोर तिथला दिवा विझवू का विचारत होती, आणि धनुबाईला पाखडलेली तूर, बाहेर टाकलेला खडा, आणि आपण म्हटलेलं 'बिचारी', सगळं एकदम आठवलं. त्या म्हातारीचे मुलगे लढाईने नेले होते. हिचा बाप कोणत्या लढाईने नेला नव्हता. तो मूठभर तरी तिथे राहिला असता. तेवढंच मागितलं होतं तिच्या आईने, घासलेली डबी हातात घेऊन.

"नको, बेटा. ऱ्हाऊ दे," धनुबाई म्हणाली. "जयू दे त्याले."

"कोनासाठे?"

आपल्या पोराचा तुकडा पडू नये म्हणून जी घाटावर सगळ्यांसमोर ठाम उभी राहिली होती, तिला या एका शब्दाचं उत्तर देता येईना. तुन्हासाठे, असं ती म्हणू शकली असती. ते तिला नंतर सुचलं, आणि पुढे कितीतरी दिवस सुचत राहिलं.

तिकडे घंटा वाजू लागली. माणसं देवळाकडे वळली. हायकेचा हात चित्रात आला आणि रुपाच्या खांद्यावर टेकला. तिने फोनकडे पाहून मान लववली, आखाजीला शिकली होती तशी. मायलेकींचं काय बोलणं झालं ते धनुबाईला कळलं नाही, पण हायके मान हलवत होती आणि नको नको म्हणत होती, एवढं दिसलं. रुपा खाली वाकली. लाल काचेवर तोंड नेऊन तिने फुंकर मारली. पहिल्या फुंकरीला ज्योत नुसती हलली. दुसरीला विझली.

मग तिने फोन तोंडाजवळ आणला. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. काम नीट केल्यावर लेकरं सांगतात तसं तिने सांगितलं.

"आते बठ्ठा तुन्हाकडेच शे, आजी."

फोन बंद झाला. गल्लीत कोणीतरी फटाक्यांची माळ लावली. मगनने लावलेली पणती तेल होतं तोवर जळत राहिली, आणि धनुबाई तिच्याकडे पाठ करून पायरीवर बसून राहिली.